शोषण लिहिलं, उचल राहून गेली

ऑक्टोबरात अंतर्गत परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासत बसले होते. प्रश्न दलित आत्मकथनांवरचा होता. गठ्ठ्यातल्या एकामागून एक उत्तरपत्रिकेत तेच वाक्य येत होतं: या आत्मकथनातून समाजातील दाहक वास्तवाचे विदारक दर्शन घडते. त्यामागोमाग शोषण, विषमता, व्यवस्था, माणूसपण, आणि शेवटी लेखकाची धारदार लेखणी. एक उत्तर विशेष नीटनेटकं होतं. अक्षर सुंदर, मुद्दे अधोरेखित केलेले. ज्या मुलीचं ते होतं तिला मी ओळखते. ती बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासार तालुक्यातली, इथे वसतिगृहात राहते. आईवडील दरसाल दसरा झाला की ऊसतोडीला जातात. सहावीपर्यंत तीही त्यांच्याबरोबर फडावर जायची.

दुसऱ्या दिवशी तिला बोलावलं. म्हटलं, "तू शोषण हा शब्द सात वेळा लिहिलास. तुमच्या घरात शोषणाला काय म्हणतात गं?" ती आधी गप्प राहिली. मग म्हणाली, "उचल म्हणत्यात." आणि जरा वेळानं, "अन् खाडा."

मग ती बोलतच राहिली. कोयता म्हणजे नुसतं हत्यार नव्हे, नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता होतो. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती कोयत्याला देतो, म्हणून हंगामाच्या तोंडावर कोवळ्या पोरापोरींची लग्नं उरकतात. आजारपणात एक दिवस कोपीत पडून राहिलं की खाडा, म्हणजे त्या दिवसाची मजुरी तर बुडालीच, वर दंड कापला जातो. वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकून मीठमिरची होते. हंगाम संपताना उचल फिटली नसेल तर बाकी पुढच्या सालावर चढते आणि माणूस आपोआप त्याच मुकादमाचा राहतो. दहा मिनिटांत तिनं एका अर्थव्यवस्थेचा अख्खा सांगाडा उभा केला. त्यातलं एक अक्षरही उत्तरपत्रिकेत नव्हतं. का नाही लिहिलंस, असं विचारल्यावर ती म्हणाली, "मॅडम, पेपरात उचल लिहिली तर मार्क पडतील का?"

सत्तावीस वर्षं मराठी शिकवते आहे. या प्रश्नाला खरं उत्तर द्यायचं तर 'बहुधा नाही' असंच द्यावं लागलं असतं. ते मला देववलं नाही, म्हणून हे लिहिते आहे.

आमच्या विद्यापीठाच्या चार जिल्ह्यांत, म्हणजे छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिवमध्ये, मराठीच्या वर्गात साहित्य शिकवलं जातं ते बहुतेक प्रवाहांच्या वाटेनं. ग्रामीण साहित्य, दलित साहित्य, स्त्रीवादी साहित्य, आदिवासी साहित्य. हे विषय अभ्यासक्रमात सहजासहजी आलेले नाहीत. ते भांडून मिळवलेले आहेत आणि त्यातला एकही काढून टाकावा असं मी म्हणणार नाही. माझी तक्रार क्रमाबद्दल आहे. आपण आधी प्रवाहाचं नाव शिकवतो, मग व्याख्या, मग प्रेरणा, मग वैशिष्ट्यं, आणि सत्र संपत आलं की उरलेल्या तासांत पुस्तक. कित्येकदा तेही नाही, पुस्तकाचा सारांश. मुलाच्या हातात पुस्तक येण्याआधीच त्यात काय सापडायला हवं हे त्याला सांगून झालेलं असतं. ते सापडलं असं तो लिहितो, कारण तो हुशार आहे. वाचलेलं मात्र काहीच नसतं.

आणि हे या शहरात घडावं याचं मला जास्त वाईट वाटतं, कारण याच शहरात हा क्रम एकदा बरोबर उलटा होता.

बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९५० च्या जूनमध्ये औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय सुरू केलं. मराठवाडा निजामाच्या राजवटीतून सुटून दोन वर्षंही पुरती झाली नव्हती. वरच्या शिक्षणाची भाषा तोवर उर्दू होती. मराठीतून मोठं काही लिहावं, छापावं ही गोष्ट इथल्या मुलांना नवी होती, आणि ज्यांच्या घरात पाटीच कधी आली नव्हती त्यांना तर दुहेरी नवी. १ सप्टेंबर १९५१ ला राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसादांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. परिसराचं नाव नागसेनवन, महाविद्यालयाचं नाव मिलिंद. म. भि. चिटणीसांसारखे प्राचार्य तिथे 'युगयात्रा' हे नाटक लिहीत होते आणि मुलं ते रंगमंचावर उभं करत होती. दलित साहित्य नावाचा पेपर तेव्हा कुठल्याच विद्यापीठात नव्हता.

पुढे म. ना. वानखेडे प्राचार्य झाले. ते इंग्रजीचे अभ्यासक, अमेरिकेत शिकून आलेले. तिथल्या काळ्या लेखकांनी आपलं जगणं आपल्या भाषेत कसं मांडलं हे त्यांनी जवळून पाहिलं होतं. इकडे येऊन त्यांनी मुलांना एकच गोष्ट सांगितली: लिहा. गंगाधर पानतावणे त्याच परिसरात मराठी शिकवत होते. साठीचं दशक संपत आलं होतं तेव्हा 'अस्मितादर्श' सुरू झालं आणि पानतावण्यांनी ते जवळजवळ अर्धं शतक चालवलं. कुठल्या कुठल्या खेड्यांतून वहीच्या कागदावर लिहिलेल्या कविता येत, त्या दुरुस्त होऊन छापल्या जात, मेळाव्यांत वाचल्या जात. समीक्षा नंतर आली. 'प्रवाह' हा शब्द नंतर आला. वैशिष्ट्यांची यादी तर त्याहून कितीतरी नंतर, परीक्षेसाठी आली. आधी लेखन झालं आणि मग त्याला नाव मिळालं. आम्ही त्या नावाचा वारसा घेतला आणि लिहिण्याचा सोडून दिला.

मिलिंद हे नावसुद्धा नीट ऐकायला हवं. 'मिलिंदपञ्हो' या पाली ग्रंथात राजा मिलिंद प्रश्न विचारतो आणि भिक्खू नागसेन उत्तरं देतो. म्हणजे परिसराला नाव उत्तर देणाऱ्याचं आहे आणि महाविद्यालयाला विचारणाऱ्याचं. विद्यार्थ्यांच्या संस्थेला प्रश्नकर्त्याचं नाव देणं हा निव्वळ योगायोग असेल असं मला वाटत नाही. त्याच ग्रंथात रथाचा प्रसिद्ध दृष्टान्त आहे. राजा म्हणतो, मी रथातून आलो. नागसेन विचारतो, आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? जू? लगाम? प्रत्येकाला उत्तर 'नाही'. मग रथ कुठे आहे? या सगळ्याच्या जुळणीला रथ हे नाव आहे. आमची रसग्रहणाची उत्तरं मला या रथासारखी वाटतात, पण सुटा करून ठेवलेल्या रथासारखी. विषय एका परिच्छेदात, आशय दुसऱ्यात, पात्रं तिसऱ्यात, भाषाशैली शेवटी दोन ओळींत. सगळी चाकं जागच्या जागी आहेत आणि रथ कुठेच नाही. सामाजिक विषय म्हणजे एक चाक, भाषा म्हणजे दुसरं, असं समजून शिकवलं की हेच होणार. लेखकाच्या हातात सामाजिक प्रश्न भाषेपासून वेगळा कधी नसतोच.

यासाठी एका कथेचा एक तास सांगते.

बाबूराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' ही कथा त्याच नावाच्या संग्रहात १९६३ साली आली. रेल्वेतल्या नोकरीसाठी परक्या गावी गेलेला तरुण, खोली मिळवताना त्याला जात विचारली जाते, तो ती लपवतो, आणि उघडी पडल्यावर मार खातो. विषय सांगायला तीन वाक्यं पुरतात. बरीच वर्षं मी तीन वाक्यांत सांगून अस्पृश्यतेच्या चर्चेकडे वळत असे. एका वर्षी मात्र नावावरच थांबले. फळ्यावर 'चोरली' एवढंच लिहिलं आणि विचारलं, लपवली का नाही म्हटलं? चोरी तर दुसऱ्याच्या वस्तूची होते. स्वतःची जात स्वतः कशी चोरणार?

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एकजण म्हणाला, अंग चोरून बसतात तसं. दुसरी म्हणाली, कामचोर. मग फुलंब्रीकडचा एक मुलगा, जो वर्षभर मागच्या बाकावर बसून होता, म्हणाला, "मॅडम, म्हैस पान्हा चोरती." वर्ग हसला. मी म्हटलं, हसू नका, त्याला पुढे सांगू दे. कधी चोरते रे? तो म्हणाला, "हात वळखीचा नसला की. दूध असतंय तिच्याजवळ. पण परका हात लागला की ती वर ओढून धरती."

वर्ग एकदम शांत झाला. आपलंच, अंगातलंच काहीतरी परक्या हातापासून वाचवण्यासाठी आत ओढून धरणं, हाही 'चोरणं'चा अर्थ आहे, आणि तो मराठीतच आहे. मग आम्ही दुसऱ्या अर्थाकडे आलो. ज्यांनी त्याला मारलं त्यांच्या लेखी ती खरोखरच चोरी होती, कारण त्यांचा मान, त्यांची जवळीक त्यानं 'फसवून' घेतली होती. एकाच क्रियापदात मार खाणाऱ्याची बाजू आहे आणि मारणाऱ्यांचीही. जातिव्यवस्थेबद्दल मी चार तास व्याख्यान देऊन जे सांगू शकले नसते ते त्या मागच्या बाकावरच्या मुलानं गोठ्यातून आणलं. त्या दिवशी साहित्य शिकवलं की समाज शिकवला हे मला वेगळं करून सांगता येणार नाही.

कला की जीवन हा वाद आपल्याकडे फडके-खांडेकरांच्या काळापासून चालत आलेला आहे आणि वर्गात तो अजूनही जिवंत आहे. माझे काही सहकारी, ज्यांच्याबद्दल मला आदर आहे, म्हणतात की सामाजिक विषयांनी साहित्याचा वर्ग समाजशास्त्राचा झाला, कवितेची लय ऐकायला कुणी शिकवत नाही. त्यांच्या तक्रारीत तथ्य आहे, पण त्यांनी दोष चुकीच्या जागी शोधला. विषयानं लय मारली नाही, विषयाच्या तयार शब्दांनी मारली. दया पवारांचं 'बलुतं' घ्या. १९७८ साली आलेल्या या पुस्तकात सांगणारा एक नाही. शिकलेला, शहरात नोकरी करणारा दया पवार आहे आणि त्याच्या आतला दगडू मारुती पवार आहे. एक बोलतो, एक ऐकतो. ही योजना लेखकाला का करावी लागली हा प्रश्न एकदा विचारला की मुलं शिक्षणानं माणसाचे दोन तुकडे कसे होतात याकडे आपोआप येतात. ती सगळी स्वतःच गाव आणि शहर या दोन टोकांत लोंबकळत असतात. रचनेचा प्रश्न हाच तिथे सामाजिक प्रश्न आहे. केवळ 'शिक्षणाचे महत्त्व' असा मुद्दा काढला तर दगडूही हातून जातो आणि दया पवारही.

उलट उदाहरणही देते. प्र. ई. सोनकांबळे याच शहरात इंग्रजी शिकवत होते. त्यांचं 'आठवणींचे पक्षी' १९७९ चं. आईवडिलांवाचून बहिणीच्या आधारानं वाढणारा मुलगा, भूक, शाळा. हे पुस्तक हलक्या आवाजात बोलतं. सांगणारा ओरडत नाही, कुणाकडे बोट दाखवून थांबत नाही, एक आठवण सांगून दुसरीकडे उडून जातो. पण दलित साहित्य म्हणजे विद्रोह ही व्याख्या पाठ झालेली मुलं याही पुस्तकाबद्दल लिहितात की लेखकाची लेखणी आग ओकते. ज्या पुस्तकात आग ओकलेली नाही तिथे आग दिसली, याचा अर्थ व्याख्या वाचली गेली, पुस्तक नाही. इतक्या भुकेबद्दल इतकं शांत कसं लिहिता आलं, हा खरा प्रश्न त्या उत्तरात कधी येऊच शकत नाही.

आता एक अवघड गोष्ट. सामाजिक विषयानं वाचायचं म्हटलं की वर्गातल्या कुणाला तरी त्याची किंमत मोजावी लागते, आणि ती शिक्षकाला दिसत नाही. नोकरीच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी, अन्यत्र एका महाविद्यालयात, मी एक आत्मकथन शिकवत होते. उत्साहाच्या भरात एका मुलाला म्हटलं, तू सांग ना, तुला असा अनुभव आला असेल. त्याचं आडनाव मला माहीत होतं आणि वर्गालाही. तो उभा राहिला, काहीतरी दोन वाक्यं म्हणाला आणि बसला. पुढचा महिनाभर माझ्या तासाला आला नाही. मी त्याला वाचक म्हणून विचारलंच नव्हतं, पुस्तकाचा पुरावा म्हणून उभं केलं होतं. बागुलांच्या कथेतल्या खोलीवाल्यानं जो प्रश्न विचारला तोच मी वर्गात, चांगल्या हेतूनं, सगळ्यांसमोर विचारला होता. त्या मुलाची माफी मी नंतर मागितली. पण ते वर्ष त्याचं गेलं.

तेव्हापासून एक पथ्य पाळते. अनुभव कुणाला मागायचा नाही. मागायचा तो शब्दाबद्दलचा प्रश्न, आणि तो सगळ्यांना सारखा. पान्हा चोरणारी म्हैस कुणाच्याही गोठ्यात असू शकते. उचलीबद्दल त्या मुलीला मी वर्गात विचारलं नाही, खोलीत विचारलं, आणि तेही तिच्या उत्तरपत्रिकेतल्या शब्दावरून. स्वतःहून कुणी जगणं मांडलं तर ते ऐकायचं, लेखनात आलं तर लेखन म्हणून वाचायचं.

हे शहर साधं नाही. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यावं असा ठराव २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात झाला आणि नामविस्तार प्रत्यक्षात यायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. मधल्या साडेपंधरा वर्षांत मराठवाड्यात घरं जळली, माणसं मारली गेली, आणि लाँग मार्चच्या आठवणी इथल्या घराघरांत आहेत. ९ ऑगस्ट २०१६ ला मराठा समाजाचा पहिला मूक मोर्चा याच शहरात निघाला. २०२३ पासून जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणासाठी झालेल्या उपोषणांनी प्रत्येक गाव ढवळून काढलं आहे. माझ्या वर्गात या सगळ्यांची मुलं शेजारी शेजारी बसतात. 'बलुतं' शिकवताना एखादा मुलगा उठून म्हणतो, "मॅडम, हे आता कुठं राहिलंय? आता सवलती कुणाला आहेत ते बघा." त्याच्या घरचं दोन एकर कोरडवाहू, बाप कर्जात, बहिणीचं लग्न तोंडावर. त्याचाही राग खरा आहे.

त्याला गप्प बसवणारा शिक्षक आणि त्याला टाळ्या देणारा शिक्षक, दोघंही वाचन थांबवतात. मी त्याला पान काढायला सांगते. तुला कुठल्या ओळीवर हे खोटं वाटलं? कुठे तुझा विश्वास उडाला? त्याला ओळ शोधावी लागते. शोधताना तो वाचतो. कधी त्याला ओळ सापडते आणि त्याचं म्हणणं टिकतं, मग ते तसंच उत्तरपत्रिकेत यायला हवं आणि त्याला पूर्ण गुण मिळायला हवेत. कधी सापडत नाही. दोन्ही वेळा तो पुस्तकाशी भांडतो, शेजारच्या मुलाशी नाही. निष्कर्ष आधीच ठरलेला असेल तर तो कितीही पुरोगामी असो, मुलं त्याला मान डोलावतात आणि बाहेर जाऊन आपापल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आधी होते तिथेच राहतात. हे मी पाहिलेलं आहे.

सामाजिक विषय मराठी साहित्यात बाहेरून चिकटवला असं ज्यांना वाटतं त्यांनी इथून पन्नासेक किलोमीटरवरच्या पैठणला जावं. सोळाव्या शतकात एकनाथांनी भारुडांत महाराच्या तोंडून बोलणं घातलं. ब्राह्मण कवी महाराच्या आवाजात गावाला उपदेश करतो, ही केवढी मोठी गोष्ट आहे. पण तो आवाज कुणाचा, हा प्रश्नही विचारावाच लागतो. आणि तो विचारला की त्यापुढचं पान १८५५ चं निघतं. जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मांग मुलीनं मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय'मध्ये दोन भागांत छापून आला. वेदांवर आमचा अधिकार नसेल तर आमचा धर्म कोणता, असा तिचा सवाल आहे. डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या बायकांचं दुःख तिनं थेट लिहिलं आहे. तो शाळेतला निबंध होता. सामाजिक विषयावर विद्यार्थ्यानं काय लिहावं याचं मराठीतलं पहिलं मोठं उदाहरण एका विद्यार्थिनीनंच घालून दिलेलं आहे. चाळीस-पन्नास शब्दांत 'स्वमत' लिहायला सांगणाऱ्या आपल्या कृतिपत्रिकेत मुक्ताला किती गुण पडले असते, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

म्हणून लिहिण्याबद्दल. वाचनाइतकंच लिहिणं वर्गात व्हायला हवं, आणि परीक्षेआधी व्हायला हवं. रा. रं. बोराड्यांची 'पाचोळा' ही कादंबरी शिकवताना मी एक काम देते. ही गोष्ट शिंप्याच्या बायकोच्या, पार्वतीच्या तोंडून येते, आणि ती मराठवाड्याच्या बोलीत बोलते. पहिल्या पानाचं वाचन सुरू झालं की वर्गात हमखास खसखस पिकते, कारण छापील पुस्तकात आपली आजी बोलताना मुलांनी कधी ऐकलेली नसते. ते हसणं ओसरलं की सांगते, यातला एक प्रसंग गंगारामच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या तोंडून लिहून आणा. एकच पान. ज्या मुलांना 'स्त्रीवादी दृष्टिकोन स्पष्ट करा' यावर दोन ओळी सुचत नाहीत, ती या पानासाठी तासभर झगडतात. गंगारामला काय माहीत नव्हतं, पार्वतीनं काय बोलून दाखवलं नाही, हे त्यांना शोधावं लागतं. बाईच्या तोंडून गोष्ट सांगितल्यानं नेमकं काय बदललं ते त्यांना लिहिता लिहिता कळतं. त्यानंतर दृष्टिकोन हा शब्द दिला तर तो त्यांच्या उपयोगाचा ठरतो.

प्रश्नपत्रिकाही बदलता येते. 'बलुतंमधील सामाजिक वास्तव स्पष्ट करा' याऐवजी 'दगडूची गोष्ट सांगायला दया पवार कशाला हवा होता?' असं विचारा. 'ऊसतोड कामगारांचे शोषण' याऐवजी एखादा उतारा देऊन त्यातला कुठला शब्द बदलला तर अर्थ कोसळेल ते विचारा. असे प्रश्न तपासायला वेळ लागतो, हे मला ठाऊक आहे. एकेका शिक्षकाकडे शंभर-सव्वाशे उत्तरपत्रिका येतात, कित्येक जण तासिका तत्त्वावर काम करतात, त्यांच्याकडून किती अपेक्षा करायची? पण जुन्या प्रश्नाची उत्तरं तपासण्यात जो वेळ जातो तो तर निव्वळ वायाच जातो. दाहक वास्तवाचे विदारक दर्शन आता मोबाइलही अर्ध्या मिनिटात लिहून देतो, आणि मुलांपेक्षा शुद्ध लिहितो. त्यात नवल नाही. ती भाषा आधीपासूनच कुणाची नव्हती. उचल आणि खाडा मात्र त्याला त्या मुलीनं सांगितल्याशिवाय माहीत होणार नाहीत, कारण तिची आई कुठल्या दिवशी तापानं फणफणली होती आणि मुकादमानं वहीत काय मांडलं, ते फक्त तिला माहीत आहे.

तिला मी त्या दिवशी सांगितलं, मार्कांचं सोड, हे लिहून आण. पंधरा दिवसांनी चार पानं घेऊन आली. पहिल्या मजकुरात तिनं पुन्हा 'शोषित कष्टकरी वर्ग' असंच लिहिलं होतं. ते खोडायला लावलं. दुसऱ्या खेपेला मुकादमाचं बोलणं शुद्ध मराठीत आलं होतं. ते त्याच्या बोलीत आणलं. तिसऱ्या खेपेला तिनं स्वतःहून शेवटचा परिच्छेद कापला, ज्यात सरकारनं काय केलं पाहिजे हे होतं. म्हणाली, "ते माझं नव्हतं मॅडम, पुस्तकातलं होतं." मग 'बलुतं' पुन्हा वाचायला नेलं. या वेळी तिच्या उत्तरात दगडू आणि दया पवारांमधल्या अंतराबद्दल जे दोन परिच्छेद आहेत ते मला कुठल्याही गाईडमध्ये सापडले नाहीत. यंदाच्या महाविद्यालयाच्या वार्षिकांकात तिचं लेखन छापलं जात आहे. शीर्षक तिनंच दिलं आहे: 'खाडा'.

मराठी शिकवणाऱ्या माझ्या सगळ्या सहकाऱ्यांना एक विनंती आहे. येत्या सत्रात बागुलांची कथा तुमच्या वाट्याला आली तर पहिल्या तासाला प्रवाह, प्रेरणा, वैशिष्ट्यं यांतलं काहीही सांगू नका. फळ्यावर 'चोरली' एवढा एकच शब्द लिहा आणि मागच्या बाकावरून कुणी बोलेपर्यंत थांबा.